ऑपेरा गायिका मारिया कॅलासचा आवाज काहींना कर्कश वाटतो, तरी तिला एवढं मोठं का मानतात?

कर्कश वाटतो हे खोटं नाही. वरच्या सुरांवर तिचा आवाज हलतो, उतरत्या काळात तर फारच. पण नुसत्या गोड गळ्याच्या गायिका ऑपेरात कधीच कमी नव्हत्या.

जानेवारी १९४९, व्हेनिस. कॅलास वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डेची भूमिका गात होती, म्हणजे भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या वर जाणारा दणदणीत आवाज हवा. तेवढ्यात बेल्लिनीच्या 'इ प्युरितानी' या ऑपेराची गायिका आजारी पडली. वाद्यवृंदाचे संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी कॅलासला उभं केलं आणि काही दिवसांत तिने ती तानांनी भरलेली, हलक्या गळ्याची भूमिका बसवून गायली. एकाच महिन्यात कुणी धृपद आणि ठुमरी दोन्ही गाजवावी तसं काहीसं (उपमा ओढूनताणून आहे, कबूल).

बाकी थोडक्यात: जन्म न्यूयॉर्कचा, १९२३, आईवडील ग्रीक. शिक्षण अथेन्सला, एल्विरा दे इदाल्गोकडे. पन्नासच्या दशकात मिलानचं ला स्काला हे ऑपेरागृह तिने गाजवलं. १९५८ मध्ये रोमला इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना आवाज साथ देईना म्हणून पहिल्या अंकानंतर ती परतलीच नाही. पेपरवाल्यांनी तिला सोलून काढलं. शेवटचा ऑपेरा १९६५, लंडन. १९७७ ला पॅरिसमध्ये गेली, वय ५३. जहाजमालक ओनासिसबरोबरच्या प्रेमप्रकरणावर हवं तेवढं छापून आलंय, ते राहू द्या.

ऐकायचंच असेल तर तिचं १९५३ चं 'तोस्का' या ऑपेराचं ध्वनिमुद्रण लावा, दुसरा अंक. खलनायक स्कार्पियाला भोसकल्यावर एकाच खालच्या सुरावर ती एक वाक्य म्हणते, तिथे थांबा.