मनिलाच्या टीमला तेरावा पगार, आम्हाला ख्रिसमस पार्टी. कंपनीकडून बोनसची अपेक्षा ठेवणं चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की मालाडच्या एका बॅक ऑफिसात काम करता, पगार ३८,००० ग्रॉस (सगळे भत्ते धरून), त्यात बेसिक (मूळ पगार) १९,०००. तुमचंच काम करणाऱ्या मनिलाच्या (फिलिपिन्स) टीमला डिसेंबरात एक पगार जादा मिळाला आणि तुम्हाला हॉटेलातली पार्टी आणि कंपनीचा लोगो छापलेला मग. एचआरला विचारलं तर "आपल्याकडे ख्रिसमस बोनसची पद्धत नाही" एवढंच उत्तर आलं.

अपेक्षा ठेवणं अजिबात चूक नाही. मी मुंबईत बरीच वर्षं पेरोलचं काम करतोय, त्या अनुभवावरून सांगतो: ख्रिसमसच्या नावाने मागू नका. त्या नावाने मागितलंत तर एचआरचं उत्तर बरोबर ठरतं. जो बोनस कायद्याने आधीच तुमचा आहे, त्याचा हिशेब मागा. तुमचा बेसिक वाचल्यावर मला पहिली शंका हीच आली की तुम्हाला तुमच्या हक्काची कल्पनाच कोणी दिलेली नाही.

आधी मनिलाचं बघू. तिथे कंपनी मेहरबान आहे म्हणून तेरावा पगार मिळत नाही. फिलिपिन्समध्ये १९७५ पासून तसा कायदाच आहे. वर्षभरात मिळालेल्या बेसिकचा बारावा भाग, २४ डिसेंबरच्या आत. सुरुवातीला ठराविक पगारापर्यंतच्या लोकांनाच तो मिळायचा, १९८६ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. मेक्सिकोतही २० डिसेंबरच्या आत किमान १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. अमेरिकेत असा कायदा नाही, तिथे ख्रिसमस बोनस मालकाच्या मर्जीवर. म्हणजे तुमच्या कंपनीने मनिलाला झुकतं माप दिलं आणि मुंबईला डावललं असं नाही. जिथे कायदा आहे तिथे ती देते. आणि कायदा आपल्याकडेही आहे.

आपल्याकडे १९६५ चा बोनस कायदा होता, आता तोच २०१९ च्या वेतन संहितेत सामावलाय आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुख्य आकडे तेच राहिलेत: किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. ८.३३ म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाच्या कमाईवर एक महिना. मनिलाचा हिशेबही हाच आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो, वर्षात ३० दिवस काम केलेल्याला मिळतो, मधेच राजीनामा दिलेल्यालाही मिळतो. नफा झाला नाही तरी किमान बोनस द्यावाच लागतो. सवलत आहे ती नव्या आस्थापनेला, पहिली पाच वर्षं, तीही नफा होईपर्यंतच.

पगाराची मर्यादा १९६५ च्या कायद्यात शेवटी २१,००० होती, संहितेत ती सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. इथेच लोक फसतात. ३८,००० हा आकडा बघून "आपण काही बोनसमध्ये बसत नाही" असं स्वतःच ठरवून मोकळे होतात. ही मर्यादा ग्रॉसवर नाही. बेसिक आणि महागाई भत्ता धरायचा. घरभाडं, प्रवास भत्ता नाही. तुमचा बेसिक १९,००० आहे. महागाई भत्ता धरूनही २१,००० च्या आत असाल तर तुम्ही बसता.

आता सॅलरी स्लिप काढा आणि डावीकडचा रकाना सावकाश वाचा. बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्सच्या खाली कुठेतरी "स्टॅट्युटरी बोनस" किंवा "ॲडव्हान्स बोनस" अशी ओळ असेल आणि समोर बहुतेक ५८३ रुपये. हा आकडा मुंबईतल्या हजारो स्लिपांवर आहे. ७,००० च्या ८.३३ टक्के म्हणजे ५८३. वर्षाचे झाले सात हजारांना चार कमी. कंपनी तुमचा बोनस बारा तुकड्यांत सीटीसीमध्ये (तुमच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या आकड्यात) आधीच घालून देते, म्हणून दिवाळीला वेगळं काही हातात येत नाही, आणि आपल्याला बोनस मिळतोय हेच माणसाला कळत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कायदा नुसते ७,००० म्हणत नव्हता. २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं होतं: ७,००० किंवा त्या कामाचं किमान वेतन, यापैकी जे जास्त असेल त्यावर बोनस काढायचा. संहितेतही किमान वेतनाची ही अट कायम आहे. मुंबईत बहुतेक कामांचं किमान वेतन ७,००० च्या बरंच वर आहे. तेव्हा तुमच्या स्लिपवर ५८३ दिसत असतील तर तो आकडा कमी आहे. एचआरला हा एक प्रश्न विचाराच: "बोनस कोणत्या रकमेवर काढला?" माझ्या अनुभवात हा प्रश्न लेखी गेला की पेरोलवाले खरंच बसून हिशेब तपासतात, कारण उत्तर त्यांनाही माहीत असतं.

आणि मुदत. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने. ३१ मार्चला वर्ष संपलं तर ३० नोव्हेंबर. दिवाळी त्याच्या आधीच येते, म्हणून आपल्याकडे "बोनस झाला का?" हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर विचारला जातो. ख्रिसमसचं झाड ऑफिसच्या रिसेप्शनला उभं राहिलं आणि तरी बोनस झाला नसेल, तर कंपनीची मुदत टळून गेलेली आहे.

दर दिवाळीला एक मेसेज फिरतो की इंग्रजांच्या काळात बावन्न आठवड्यांचे तेरा पगार व्हायचे, ते बारा केले म्हणून बोनस सुरू झाला. तो पुढे पाठवू नका, कारण खरी हकिकत याच शहराची आहे आणि ती दडून जाते. पहिल्या महायुद्धात कापडगिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि महागाई भडकली, तेव्हा १९१७ मध्ये पगाराच्या १० टक्के युद्ध-बोनस मिळाला. काही वर्षं तो चालू राहिला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरणगावात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅकलाउड यांच्या समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कसलाच हक्क नाही, ना रूढीने, ना कायद्याने. त्या 'नाही'पासून १९६५ च्या कायद्यापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली आणि तेव्हाही किमान बोनस ४ टक्केच होता. ८.३३ सत्तरच्या दशकात आलं. परळ-लालबागच्या लोकांनी उपाशीपोटी मिळवलेली ही गोष्ट आहे. आज त्याच गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत आणि तिथे बसणाऱ्या मुलांना आपल्या स्लिपवरची ती ओळ वाचता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मर्यादेच्या वर पगार असेल तर कायदा सोबत नाही, तिथे अपॉइंटमेंट लेटर बघायचं. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) किती, कशावर, कधी. "कंपनीच्या मर्जीनुसार" असं लिहिलं असेल तर जॉइन होण्याआधीच बोला, नंतर फार काही हाती लागत नाही. संघटित लोकांचं वेगळं असतं. मुंबई महापालिकेने २०२५ च्या दिवाळीला ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान दिलं, ते दरवर्षी संघटना मागे लागतात म्हणून मिळतं.

आता पार्टी. पार्टीला माझा विरोध नाही, फक्त ती पगाराच्या बदल्यात नको. "पार्टीवर एवढा खर्च केला" हे बोनसच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. आणि पार्टी करायचीच तर कर्मचाऱ्यांच्या सोयीने करावी. दुपारी, कामाच्या वेळेत, ऑफिसातच जेवण ठेवलं तर बदलापूरची, विरारची माणसंसुद्धा मनापासून थांबतात. रात्री लोअर परळच्या पबमध्ये ठेवली तर निम्म्या लोकांचं लक्ष शेवटच्या लोकलकडे असतं. उशीर होणार असेल तर घरी सोडायच्या गाड्या कंपनीने ठरवाव्यात, विशेषतः बायकांसाठी. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाचंच ठिकाण धरली जाते, कंपनीने दिलेल्या गाडीसकट. तेव्हा पबमध्ये जे घडेल त्याची तक्रारही कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करता येते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, फ्रेशर बावीस-तेवीसचे असतात; ग्लास पुढे करणाऱ्या मॅनेजरने एवढं तरी लक्षात ठेवावं. सीक्रेट सांताला (चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप भेट द्यायच्या खेळाला) वर्गणी किंवा किमान रक्कम ठेवू नये. महिन्याच्या शेवटी पाचशे रुपये सगळ्यांकडे नसतात आणि तसं बोलून दाखवायला माणसाला लाज वाटते.

ज्यांचा सण आहे त्यांना कोणी विचारत नाही, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. आमच्या टीममध्ये वसईची एक ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातली) मुलगी होती. डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की तिच्या घरी रोज रात्री कुलकुल व्हायचे. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून शंखासारखी वळायची आणि तळायची, सगळं घर त्यात गुंतलेलं. ऑफिसची ख्रिसमस पार्टी ठेवली होती २४ तारखेच्या संध्याकाळी. तिला चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला (प्रार्थनेला) पोचायचं होतं, ती दुपारीच निघाली. झाडावरचे दिवे लावायला तिनेच मदत केली होती आणि केक कापताना तीच नव्हती. पार्टी १८-१९ तारखेला ठेवा, एवढंच तर करायचं होतं. शिवाय राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, कामगारांची ठराविक संख्या असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्यात २५ डिसेंबर हवा असेल तर नवं वर्ष सुरू व्हायच्या आधीच बोला.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. पार्टीनंतर टेबलं पुसणारी हाउसकीपिंगची बाई, पॅन्ट्रीतला मुलगा, गेटवरचा सिक्युरिटी, हे ठेकेदाराचे लोक. बोनस त्यांचाही असतो. ठेकेदार कंपनीला जे दर देतो त्या तक्त्यात किमान वेतन, पीएफ, ईएसआय आणि खाली ८.३३ टक्के बोनस अशी ओळ बऱ्याचदा असते. म्हणजे कंपनीने ते पैसे ठेकेदाराला मोजलेले असतात. ते त्या बाईच्या खात्यात पोचले का, हे मात्र कोणी बघत नाही. मिठाईचा डबा हातात देऊन फोटो काढला जातो. तुम्ही कायम नोकरीत आहात, तुमचा आवाज वर पोचतो. टाउनहॉलमध्ये प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हाच विचारा.

एचआरला मेल लिहाल तेव्हा लहान लिहा. गेल्या आर्थिक वर्षाचा माझा बोनस किती टक्क्यांनी काढला, कोणत्या रकमेवर काढला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या नावाने दिला. मनिला, मग, पार्टी यांचा उल्लेखही नको, नाहीतर उत्तर त्याच गोष्टींवर येईल. सोबत सहा महिन्यांच्या स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटरची प्रत तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कारण नोकरी सोडली की पोर्टल बंद होतं. समाधानकारक उत्तर आलं नाही तर बीकेसीतल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज देता येतो. दोघं-चौघं मिळून गेलात तर बरं, एकट्याचं नाव पुढे येत नाही.