बंदुकीला नेमकं काय म्हणावं? परवानाधारकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी शब्दांवर अडलेली आहेत. परवान्यावर एक शब्द, दुकानदाराच्या तोंडी दुसरा, घरात तिसराच. बंदुकीच्या बाबतीत हे नुसतं भाषेचं कोडं नसतं. शब्द चुकला की काडतूस चुकतं, नाहीतर कागद चुकतो.

प्रश्न : वडिलांच्या परवान्यावर 'डीबीबीएल, १२ बोर, कंट्री मेड' अशी नोंद आहे. नूतनीकरणाचा अर्ज मराठीत भरताना मी 'गावठी दुनळी बंदूक' असं लिहिलं. कारकुनाने अर्ज परत केला. भाषांतर तर बरोबर होतं ना? (वाचक, कुडाळ)

शब्दकोशाच्या हिशेबाने बरोबर, व्यवहारात घातक. मराठीत 'गावठी' म्हटलं की पोलिसांच्या आणि वर्तमानपत्राच्या भाषेतला 'गावठी कट्टा' आठवतो, म्हणजे विनापरवाना बनवलेलं, बेकायदा हत्यार. जुन्या परवान्यांवरच्या 'कंट्री मेड'चा अर्थ इतकाच, की बंदूक विलायती नाही, देशात बनलेली आहे. बिहारमधल्या मुंगेरच्या परवानाधारक कारखान्यांतून अशा कितीतरी कायदेशीर बंदुका देशभर गेल्या. तेव्हा मराठीत 'देशी बनावटीची' लिहा, किंवा 'कंट्री मेड' हेच देवनागरीत उतरवा.

बाकीची अक्षरंही समजून घ्या. एसबी म्हणजे एकनळी, डीबी म्हणजे दुनळी. पुढचं बीएल म्हणजे मागून काडतूस भरायची, एमएल म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासायची. म्हणून आपल्याकडची ठासणीची एकनळी परवान्यावर एसबीएमएल असते आणि काडतुसाची दुनळी डीबीबीएल. वर्णनात क्रम ठेवा : प्रकार, बोर, बनावट, नंबर. दुनळीचा नंबर बहुधा उघडल्यावर दिसतो, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि त्याला जुळणाऱ्या बॉडीवर. पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावरही तो पाहा. तिन्हीकडे एकच आकडा हवा. वेगळा निघाला तर नळ्या कधीतरी बदलल्या असण्याची शक्यता आहे, आणि ते अर्ज करण्याआधी उलगडलेलं बरं.

प्रश्न : १२ बोर मोठी की ३२ बोर? मित्रांत पैज लागली आहे. (वाचक, इस्लामपूर)

पैज लागली यात नवल नाही, कारण इथे एकच शब्द दोन वेगवेगळ्या मापांना लावला जातो. १२ बोरमधला बारा हा मोजणीचा आकडा आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्या. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं की ती नळी १२ बोर. म्हणजे एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि नळीचा व्यास सुमारे १८.५ मिमी. २० बोरमध्ये पौंडात वीस गोळ्या बसायच्या, म्हणून नळी बारीक, साधारण १५.६ मिमी. आकडा वाढला की नळी लहान.

'बत्तीस बोर' मात्र इंचाचा हिशेब आहे, ०.३२ इंच म्हणजे ८ मिमीच्या आसपास. इथे आकडा वाढला की नळी मोठी. चारशे दहाची बंदूक दिसते बारा बोरसारखी, पण तिचा आकडाही इंचातलाच, ०.४१० इंच. तेव्हा मोठी १२ बोर, दुपटीहून जास्त.

आता पैजेपेक्षा महत्त्वाचं. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका. आपल्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्वर 'स्मिथ अँड वेसन लाँग' काडतूस घेतं, त्याचं पितळी कवच सुमारे २३ मिमी लांब. .३२ पिस्तुलाचं काडतूस 'एसीपी', कवच सुमारे १७ मिमी. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जाणारच नाही, तो धोका आपोआप टळतो. उलट एसीपी रिव्हॉल्वरच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, सरकू शकतं. बसतंय म्हणजे चालतंय असं समजू नका. त्याची कड अरुंद असते, दाब जास्त असतो, आणि ते रिव्हॉल्वर त्या दाबासाठी बनवलेलं नसतं.

बारा बोरमध्येही 'बारा बोर' एवढ्यावर भागत नाही. 'बारा बोर, सत्तर मिमी, चार नंबर' असं पूर्ण बोला. शेवटचा आकडा छर्र्याचा, तो वाढला की छर्रा बारीक; एलजी, एसजी म्हणजे मोठ्या गोळ्या. मधला आकडा काडतुसाच्या लांबीचा, आणि चूक तिथेच होते. ती लांबी काडतूस उडाल्यावर, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं ७० मिमीचं काडतूस ६० मिमीच्या आसपासच भरतं. त्यामुळे जुन्या विलायती बंदुकीच्या ६५ मिमीच्या घरात ते सहज जातं, बंदूक नीट मिटतेही. पण उडताना घडी उलगडायला जागा नसते, तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अडते आणि दाब वाढतो. नळीच्या खाली '१२/७०' असं काही कोरलेलं आहे का ते वाचा. नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून घर मोजून घ्या.

प्रश्न : माझं पिस्तूल ऑटोमॅटिक आहे असं मी सांगतो. एक निवृत्त फौजदार म्हणाले, असं बोलू नका. का? (वाचक, नाशिक)

ते बरोबर सांगत आहेत. १९५९च्या शस्त्र कायद्यात चाप दाबून धरला की मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहणारं अग्निशस्त्र 'प्रतिबंधित' वर्गात येतं. तुमचं पिस्तूल एका चापाला एकच गोळी सोडतं, फक्त पुढचं काडतूस स्वतः भरतं. त्याला 'सेमी ऑटोमॅटिक' म्हणा. एसीपीमधल्या 'ए'चा अर्थ ऑटोमॅटिक असला, तरी ते काडतुसाचं जुनं नाव आहे, तुमच्या पिस्तुलाचा वर्ग नव्हे.

प्रश्न : 'बंदूक रिकामी आहे' हे घरात कधी म्हणावं? मॅगझिन काढलं की रिकामीच ना? (वाचक, सोलापूर)

नाही. आणि हा प्रश्न विचारलात याचं मनापासून बरं वाटलं, कारण अपघातानंतर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच असतं, 'रिकामी होती'.

मॅगझिन काढलेल्या पिस्तुलाच्या नळीत एक काडतूस बसलेलं असू शकतं. म्हणून तीन अवस्थांना तीन वेगळे शब्द ठेवा आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांनी तेच वापरा. नळीत काडतूस आहे ती 'भरलेली'. मॅगझिन काढलंय पण नळी पाहिलेली नाही, ती 'न तपासलेली'. आणि 'रिकामी' तीच, जी तुम्ही आत्ता स्वतः उघडून पाहिली आहे. सकाळी पाहिलेली बंदूक संध्याकाळी रिकामी नसते, न तपासलेली असते.

पिस्तूल तपासताना क्रम सोडू नका. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवा, नळीच्या घरात नजर टाका आणि करंगळी घालून चाचपा. उलटा क्रम केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढलीत, तर आतलं काडतूस बाहेर पडतं, तुम्ही निश्चिंत होता, आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं नळीत चढवते. दुनळी उघडा, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. ठासणीची बंदूक बघून कळत नाही. टोपी (ठोका बसला की ठिणगी देणारी) काढलीय म्हणून ती रिकामी होत नाही, दारू आणि छर्रे आतच असतात. रिकाम्या नळीत गज पूर्ण जातो तिथे खूण करून ठेवा; ती खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली तर बार भरलेला आहे. गज घालताना तोंडासमोर डोकं किंवा हाताचा तळवा नको.

देता-घेतानाही 'रिकामी आहे' असं सांगून देऊ नका, उघडून दाखवून द्या. घेणाऱ्याने पुन्हा पाहावं. त्यात अविश्वास वगैरे काही नाही.

प्रश्न : वडील वारले. बंदूक 'घरचीच' आहे, परवाना संपायला दोन वर्षं आहेत. तोवर ठेवता येईल? (वाचक, चिपळूण)

'घरची बंदूक' हा प्रेमाचा शब्द आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते तेव्हा तो शोभतो. कायद्यात बंदूक घराची नसते, परवाना ज्याच्या नावे त्याची असते. वडिलांबरोबर तुमचा तिच्यावरचा ताबा कायदेशीर राहण्याचं कारण संपलं, परवान्यावर तारीख कोणतीही असो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती विनाविलंब जमा करा, पावती घ्या, पावतीवर नंबर बरोबर उतरला का ते तिथेच पाहा. मग वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करा. तसंच, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. अर्जात 'शिकारीसाठी' हा शब्द तर मुळीच नको.

प्रश्न : बंदूक दुरुस्तीला नेली. 'घोडा ओढला, बार उडाला नाही' एवढं सांगितलं. कारागीर म्हणाला, नीट सांगा. आणखी काय सांगायचं? (वाचक, अलिबाग)

पहिला घोळ घोड्याचा. बोटाने दाबतो तो चाप. मागून येऊन आदळतो तो घोडा. बोलीत दोन्हींना घोडा म्हणतात, त्यामुळे बिघाड कुठे आहे तेच कळत नाही. चाप दाबला पण घोडा पडलाच नाही, की घोडा पडला पण काडतूस पेटलं नाही, हे वेगळं सांगा. तसंच गोळी म्हणजे फक्त पुढे जाणारं शिसं. कवच, टोपी, दारू आणि गोळी मिळून काडतूस.

'बार उडाला नाही' याचेही तीन प्रकार आहेत. ठोका पडला आणि काहीच झालं नाही, तो हुकलेला बार. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा, कारण काही वेळा बार उशिरा पेटतो. तो दुसरा प्रकार. तिसरा सर्वांत वाईट : आवाज दबका, धक्का नावापुरता. यात गोळी किंवा छर्र्यांमागचं बूच नळीतच अडकलेलं असू शकतं. पुढचा बार काढलात तर नळी फुटते. तिथेच थांबा, बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार पाहा. कारागिराकडे जाताना न उडालेलं काडतूस बंदुकीत न ठेवता वेगळं न्या, आणि टोपीवर ठोक्याची खूण खोल आहे, उथळ आहे की एका बाजूला सरकलेली आहे ते त्याला दाखवा. उथळ असेल तर तो आधी घोड्याची कमान (स्प्रिंग) आणि टोपीवर ठोका देणारी पिन पाहील.