वस्तीतल्या मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी प्रतिबंधात्मक काम करतो, नागपुरात अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की कळमन्याकडच्या वस्तीत तुम्ही सहा-सात जण रोज संध्याकाळी मुलांचा वर्ग घेता. मुलं शाळा सोडून कामाला किंवा नशेला लागू नयेत म्हणून घरच्यांशीही बोलता. संस्थेची नोंदणी अजून नाही, आणि एक गृहस्थ 'दहा टक्के द्या, अनुदान मंजूर करून आणतो' म्हणताहेत. मी नागपुरातच सोळा वर्षं हे काम करते आहे, त्यातली निम्मी प्रस्ताव आणि हिशेब लिहिण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संस्थेला अनुदान मिळायच्या आधी कुटुंबाला थेट मिळू शकेल असा पैसा आहे. पहिले तो मिळवून द्या. आई किंवा वडील गेलेत, दुर्धर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, अशा घरातल्या मुलासाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्व म्हणून, म्हणजे मूल घरीच राहावं यासाठीची मदत म्हणून, महिन्याला ४,००० रुपये आहेत. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,००० आहे. दोन्हींची वाट जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून आणि तिथल्या बाल संरक्षण कक्षातून जाते. यासाठी तुमची नोंदणी लागत नाही. कागद गोळा करून देणारं आणि पाठपुरावा करणारं माणूस लागतं, ते तुमच्याकडे आहे.

आमच्या वर्गात चौथीतली एक पोर होती. वडील वारलेले, आई मिरचीचे देठ तोडायला जायची. फेब्रुवारी लागला की पोरगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गायब. एकदा वर्गात आली तर पेन्सिल दोन बोटांच्या मध्ये कशीतरी अडकवून लिहीत होती. हात उघडून पाहिला तर बोटांची टोकं लालबुंद, सोललेली. आईच्या जोडीने तोडलं की किलो वाढतात, एवढा साधा हिशेब होता. बालसंगोपनाचे पैसे सुरू व्हायला आम्हाला सात महिने चकरा माराव्या लागल्या. तेव्हा रक्कम आजच्या निम्मीही नव्हती, तरी आईने तिला परत सोबत नेलं नाही. माझ्या लेखी प्रतिबंध म्हणजे हेच, आणि त्यात आमच्या संस्थेच्या खात्यात एक रुपयाही आला नव्हता.

आता संस्थेचं. नोंदणी लगेच सुरू करा. धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय नागपुरात आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद झाली की पॅन, बँक खातं, मग आयकर खात्याच्या दोन नोंदण्या: संस्थेला करमाफी मिळावी म्हणून एक आणि देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून दुसरी (लोक त्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात). नव्या संस्थेला त्या आधी तीन वर्षांसाठी तात्पुरत्या मिळतात. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर, क्रमांक काढून ठेवा.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, लोकांच्या फार अपेक्षा असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. वेकोलि (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या दोन्ही सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात, बुटीबोरी आणि हिंगण्याला कारखाने, त्यामुळे पैसा आहे. पण बाहेरच्या संस्थेला काम द्यायचं तर तिचा तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि सीएसआर-१ या अर्जाने सरकारकडे केलेली नोंदणीही. तुम्हाला ते दार आज उघडणार नाही. तोवर एखाद्या जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करा. संस्था निवडताना गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. द्यायला कां-कूं करणारीकडे जाऊ नका.

नशेच्या प्रश्नासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडे वेगळं अनुदान आहे. समवयस्क मुलांमार्फत किशोरवयीनांना नशेपासून दूर ठेवण्याचे प्रकल्प त्यात बसतात, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो. नोंदणी आणि अनुभव तिथेही लागतो.

खरी अडचण मात्र पुढे येते. जे घडलंच नाही ते दाखवायचं कसं? माझ्या पहिल्या प्रस्तावात जनजागृती मेळावे, पत्रकं, प्रभातफेरी असं सगळं होतं. तो नाकारला गेला आणि ते योग्यच होतं. मग आम्ही दोनशे पानी वहीत रकाने आखले: मुलाचं नाव, आज शाळेत गेला का, सलग किती दिवस गैरहजर, घरी कोण गेलं, काय कळलं. तीन दिवस खाडा झाला की चौथ्या दिवशी आमची ताई दारात. वर्षभराने त्या वहीतून स्पष्ट दिसलं की किती मुलं शाळेत जायची थांबली होती आणि त्यातली किती परत गेली. पुढचा प्रस्ताव त्या वहीच्या बळावर मंजूर झाला. तुम्ही उद्यापासून अशी वही ठेवा, पुढे अनुभव दाखवायलाही तीच कामी येईल.

अंदाजपत्रकात कार्यकर्तीचं मानधन मोकळेपणाने मागा. देणाऱ्यांना दप्तरं, वह्या, टॅब द्यायला आवडतं, त्याचा फोटो निघतो. पण मुलाला परत आणते ती दारात जाणारी बाई, दप्तर नाही. मानधन नाकारून नुसत्या वस्तू देऊ करणाऱ्याला मी आता नम्रपणे नाही म्हणते. आणि हप्ते उशिरा येतात हे धरून चला. आमच्या एका देणगीदार कंपनीचा दुसरा हप्ता पाच महिने लांबला तेव्हा दोन चांगल्या कार्यकर्त्या घरखर्चापायी दुसरीकडे गेल्या. त्यांच्या वस्त्यांतला विश्वास पुन्हा जमवायला दीड वर्ष लागलं. म्हणून तीन महिन्यांचं मानधन बाजूला राहील एवढी स्थानिक वर्गणी आधी जमवा, शंभर-दोनशे रुपयांची का असेना.

दहा टक्केवाल्या गृहस्थांना सरळ नाही सांगा. हे दहा टक्के हिशेबात दाखवता येत नाहीत. म्हणजे खोटी बिलं आली, आणि पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही तुमची असणार, त्यांची नाही. प्रस्ताव लिहायला मदत हवी असेल तर मसुदा इथेच खाली टाका, मी रविवारी वाचून सांगते.