घाटातल्या तेवढ्या एजेस कशा निवडाव्यात?

प्रश्न : मध्य रेल्वेच्या काही स्थानकांचा ग्राफ मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नेटवर्कएक्स या ग्राफसाठीच्या लायब्ररीत तयार केला आहे. स्थानके म्हणजे नोड, त्यांमधला मार्ग म्हणजे एज आणि प्रत्येक एजला किलोमीटरमधले 'अंतर' जोडले आहे. ३० किलोमीटरपेक्षा लांब एजेस फॉर लूपमध्ये काढू लागलो, तर डिक्शनरीचा (पायथनमधल्या नाव–मूल्य जोड्यांच्या साठ्याचा) आकार बदलल्याचा एरर येतो. शिवाय एजेसची लिस्ट करून तीत लोणावळा–कर्जत शोधले, तर ती जोडी सापडत नाही. असे का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पहिल्या ठिकाणी तुम्ही ग्राफलाच लिस्ट समजलात आणि दुसऱ्या ठिकाणी लिस्टला ग्राफ. नेटवर्कएक्सच्या २.० आवृत्तीपासून 'एजेस' मागितल्यावर एजेसची वेगळी प्रत मिळत नाही, 'व्ह्यू' मिळतो, म्हणजे मूळ ग्राफकडेच पाहणारी जणू एक खिडकी. लूप थेट ग्राफच्या आतल्या डिक्शनरीवर फिरत असतो आणि फिरता फिरता त्यातलेच काही काढले, की पायथन अडवतो. म्हणून आधी निवड करावी, छाटणी मागाहून. निवडीची ओळ अशी ('जी' म्हणजे तुमचा ग्राफ; इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहे; टंकताना पायथनचे शब्द आणि अंक अर्थातच इंग्रजीत हवेत) :

लांब = [(अ, ब) फॉर अ, ब, किमी इन जी.एजेस(डेटा="अंतर") इफ किमी इज नॉट नन अँड किमी > ३०]

ही लिस्ट 'रिमूव्ह_एजेस_फ्रॉम'ला दिली, की काम झाले. मधली 'नन'ची (पायथनमध्ये 'मूल्यच नाही' याची खूण) अट मात्र गाळू नका. समजा, पुणे–दौंडचे अंतर भरायचे राहून गेले, तर तिथे 'नन' येतो आणि त्याची ३० शी तुलना करताच प्रोग्राम कोसळतो. अनेक जण अशा वेळी डिफॉल्ट, म्हणजे मूल्य नसेल तेव्हा धरायचे मूल्य, म्हणून शून्य देतात, पण माझ्या मते ते अधिक वाईट. कारण मग एररही येत नाही आणि पुणे–दौंड निमूटपणे जवळच्या एजेसमध्ये जाऊन बसते.

मुंबई–कल्याण सुमारे ५४, कल्याण–कर्जत ४६, कर्जत–लोणावळा २८, लोणावळा–पुणे ६४, कल्याण–कसारा ६७ आणि कसारा–इगतपुरी १६ किलोमीटर धरले, तर चाळणीतून दोनच एजेस उरतात : एक बोर घाटातली, दुसरी थळ घाटातली. मुंबई, कल्याण आणि पुणे हे नोड मात्र एजेसविना तसेच राहतात. ते नको असतील, तर जवळच्या एजेस निवडून 'एज_सबग्राफ'ला द्याव्यात. त्यात चारच स्थानके येतील आणि मूळ ग्राफलाही धक्का लागणार नाही. फक्त तोही व्ह्यूच असल्यामुळे त्यात बदल करायचे असल्यास आधी 'कॉपी' करावी.

आता हरवलेल्या जोडीविषयी. दिशा नसलेल्या ग्राफमध्ये प्रत्येक एज एकदाच दिसते आणि जो नोड ग्राफमध्ये आधी आला, त्याचे नाव पुढे असते. तुमच्या लिस्टमध्ये कर्जत–लोणावळा असणार, आणि लिस्टच्या लेखी उलटी जोडी ही निराळीच वस्तू. हाच प्रश्न 'हॅज_एज'ने ग्राफला विचारलात, तर कोणत्याही क्रमाने होकारच मिळेल. दिशायुक्त ग्राफमध्ये मात्र क्रमाला अर्थ असतो : तिथे 'एजेस("कल्याण")' केवळ कल्याणहून निघणारे मार्ग देते, येणाऱ्यांसाठी 'इन_एजेस' वापरावे लागते.