आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायच्या) गेममध्ये चोरी केल्यावर कधी अख्खं गाव मागे लागतं आणि कधी कोणी हूं की चूं करत नाही, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ड्रॅगन क्वेस्टमध्ये लोकांच्या घरात घुसून मडकी फोडली, कपाटं उचकली तरी घरमालक गोड बोलतो. स्कायरिममध्ये मात्र टेबलावरची एक वस्तू उचलली की पहारेकरी धावत येतात. मग गेमला चोरी कळते कशी, आणि ती सगळ्यात चांगली कोणत्या गेमने हाताळली आहे?

मी गेली पंधरा-सोळा वर्षं हे गेम खेळतोय. नव्या गेममध्ये पहिल्या गावात पोचलो की आधी हेच करून बघतो, कोणाचं तरी काहीतरी उचलायचं आणि काय होतं ते पाहायचं. गेम बनवणाऱ्यांनी त्या गावातल्या माणसांचा किती विचार केलाय, ते तिथेच समजतं.

ड्रॅगन क्वेस्टमधल्या मडक्याला मालकच नाही. घर कोणाचं का असेना, आतली औषधी मुळी तुम्हाला सापडावी म्हणूनच ठेवलेली असते. कानाकोपरा धुंडाळणाऱ्या खेळाडूला ते बक्षीस आहे. गेमच्या हिशेबी ही चोरी नाहीच, त्यामुळे रागवायचं कोणी आणि कशासाठी?

स्कायरिममध्ये (2011) जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या मागे मालकाची नोंद आहे. त्यातल्या व्हाइटरन शहरात बेलेथॉरच्या दुकानात उभं राहून एखाद्या बाटलीवर नजर रोखा. खाली येणारा शब्द लाल असतो, ‘चोरा’. रानात पडलेल्या तशाच बाटलीवर तो पांढरा असतो, ‘घ्या’. बाटली तीच, फरक फक्त नोंदीचा. यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट अशी की एखाद्या गावकऱ्याचं काम करून दिलंत, त्याच्याशी मैत्री झाली, की त्याच्या घरातल्या बारीकसारीक वस्तूंवरचा लाल शब्द पांढरा होतो. काल जी चोरी होती ती आज घरच्यासारखं घेणं झालं. शेजारच्या काकूंच्या डब्यातला लाडू न विचारता घेणं आणि अनोळखी घरातला घेणं, हा फरक एका गेमने इतक्या साध्या पद्धतीने पकडलाय. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी त्या घरातला पाव उचलून पुन्हा जागेवर ठेवला होता.

मालकी ठरली की पुढचा प्रश्न, पाहिलं कोणी? इथे गेम माणसाच्या डोळ्यांपासून तुमच्यापर्यंत रेघ ओढून बघतो. मध्ये भिंत आहे का, उजेड किती, तुम्ही वाकून चालताय की धावताय. मग ती प्रसिद्ध बादलीची युक्ती कशी चालते तेही कळतं. दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घातली की रेघ बादलीला अडते, आणि त्याच्या देखत दुकान रिकामं करता येतं. लोक याला बग म्हणून हसले. पण नियमाप्रमाणे गेम अगदी बरोबर वागत होता, डोळे झाकलेल्याला दिसत नाही. चुकतो तो पुढे. डोक्यावर बादली आल्यावर माणूस आधी ती काढेल आणि ओरडेल, हे त्या दुकानदाराला कोणी शिकवलेलंच नाही. त्याला दृष्टी दिली, शंका घ्यायची अक्कल दिली नाही.

आता तुम्ही खरं विचारताय त्या भागाकडे येतो. मालकी आणि नजर हे दोन्ही बहुतेक मोठ्या गेममध्ये असतं. चोरीला वजन येतं ते नंतरच्या आठवणीने. वस्तू गेल्याचं कोणाला जाणवतं का, किती दिवस जाणवतं, आणि त्याचं तो काय करतो?

स्कायरिमच्याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंडने (2002) याचा एक भाबडा प्रयत्न केला होता. एका दुकानातून कट्यार चोरली आणि ती त्याच दुकानदाराला विकायला काढली, तर तो आपली वस्तू ओळखतो. कल्पना सुंदर, पण गेम ती एक कट्यार लक्षात ठेवत नाही, तो कट्यारीची जातच लक्षात ठेवतो. त्यामुळे महिनाभराने दुसरीकडून रीतसर विकत घेतलेली तसलीच कट्यार दाखवली तरी तो ती आपलीच समजतो आणि तुमच्यावर गुन्हा लागतो. मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (2006) हे सुधारलं. चोरलेल्या नगाला लाल हाताचा शिक्का बसतो, आणि असा माल साधा दुकानदार घेत नाही. त्यासाठी चोरांच्या टोळीत शिरून चोरीचा माल पचवणारा गाठावा लागतो. स्कायरिमनेही तेच ठेवलं. त्याशिवाय तिथे ज्याचं चोरलं तो कधीकधी तीन गुंड तुमच्या मागावर पाठवतो, आणि त्यांच्यातल्या एकाच्या खिशात सुपारी देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी सापडते. बर्फात लढाई झाल्यावर ती चिठ्ठी वाचली आणि नाव बघून मी आठवत बसलो, याचं मी काय घेतलं होतं? मालकाला आठवत होतं, मला नव्हतं.

शिक्षेचा भाग मात्र या मालिकेत कच्चाच राहिला. स्कायरिममध्ये खिसा कापताना सापडलात तर 25 नाण्यांचा दंड लागतो, खून केलात तर 1000. तेवढी भरली की झालं. अंगावरचा चोरीचा मुद्देमाल जप्त होतो, पण गाव सगळं विसरतं. पैसा मुबलक असणाऱ्याला हा दंड म्हणजे टोलनाका.

विचर 3 बद्दल (2015) मला खरंच वाईट वाटतं. युद्धाने उजाड झालेली गावं, उपाशी शेतकरी, प्रत्येक संवादात त्यांची दैना. आणि त्यांच्याच झोपडीत शिरून मी फडताळातलं अन्न घेतलं तर घरची बाई ढुंकून बघत नाही. पहारेकऱ्यासमोर हात घातला तर मार बसतो, एरवी मोकळं रान. गोष्ट त्या माणसांना जितकी जपते तितकं खेळाचे नियम जपत नाहीत. इतक्या चांगल्या गेममधली ही जागा मला दर वेळी टोचते.

जर्मनीत बनलेल्या जुन्या गॉथिकने (2001) हेच किती कमी साधनांत केलं होतं बघा. कोणाच्या झोपडीत शिरलात की मालक मागोमाग येतो, काय काम आहे विचारतो, बाहेर हो म्हणतो. ऐकलं नाही तर बडवतो, आणि तुम्ही जमिनीवर पडलात की तुमच्याच खिशातलं खनिज, म्हणजे तिथलं चलन, काढून घेतो. ना कोर्ट ना कचेरी. पण घर त्याचं आहे हे अंगावर वळ उठून समजतं. डिव्हिनिटी ओरिजिनल सिन 2 मध्ये (2017) खिसा कापलेल्या माणसाला थोड्या वेळाने पत्ता लागतो, मग तो आजूबाजूच्यांना विचारत फिरतो. बाल्डर्स गेट 3 मध्येही (2023) तसंच. तिथे संवादातून थाप मारता येते, समजूत काढता येते, लाच देता येते, नाहीतर तुरुंग. वस्तू हरवल्यावर माणूस शोधतो, ही एवढी साधी गोष्ट यायला किती वर्षं गेली!

माझ्या मते सगळ्यात पुढे गेलाय तो चेक लोकांनी बनवलेला किंग्डम कम: डिलिव्हरन्स (2018). काळ 1403, जागा बोहेमिया, नायक एका लोहाराचा मुलगा. राताय गावचा गिरणीवाला त्याला कुलपं उघडायला आणि खिसे कापायला शिकवतो, वर चोरीचा मालही घेतो. रात्री गावात मशालीशिवाय फिरलात तर पहारेकरी हटकतात. अंगावर लोखंडी चिलखत असेल तर त्याचा आवाज होतो. चोरलेल्या वस्तूवरचा शिक्का कित्येक दिवसांनी पुसट होतो, म्हणजे माल काही काळ दडवून ठेवावा लागतो, खऱ्या चोराला ठेवावा लागतो तसा. मी एकदा एका घरातून चांगले बूट उचलले आणि हावरटपणाने लगेच पायात घातले. दुसऱ्या दिवशी चौकात पहारेकऱ्याने झडती घेतली. दंडाला पैसे नव्हते, कोठडीत दिवस काढले. सुटलो तर गावात कोणी नीट बोलेना, दुकानात भाव चढलेले.

तिथे मी मागचं सेव्ह (जतन करून ठेवलेला खेळ) उघडून हे सगळं पुसून का टाकलं नाही? कारण त्या गेममध्ये मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही. त्यासाठी एक खास दारू प्यावी लागते, किंवा आपल्या बिछान्यात झोपावं लागतं. माझ्याकडे बाटली नव्हती आणि शेवटचं सेव्ह दोन तास मागे होतं. चोरीवर लिहिणारे बरेच जण हा मुद्दा सोडून देतात. पहारेकरी कितीही हुशार बनवा, खेळाडू चोरीआधी एक कळ दाबून सेव्ह करू शकत असेल तर पकडलं जाणं या शब्दाला अर्थ उरत नाही. काळजात धडधड व्हायला माघारीची वाट बंद असावी लागते.

दुसऱ्या भागात (2025) त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. चोरी करताना कोणी पाहिलं नसेल, पण आधी तुम्ही त्या घराभोवती घुटमळताना दिसला असाल, तर संशय तुमच्यावर येतो. शिक्षाही दंडावर थांबत नाहीत. चौकात खोड्यात अडकवणं, फटके, डाग देणं, आणि फारच पुढे गेलात तर फाशी.

आणि एक गेम, ज्यात पहारेकऱ्याची गरजच पडली नाही. अल्टिमा 4, साल 1985. आधीच्या भागांत लोक लुटालूट करून, वाटेल त्याला मारून जिंकत, ते या मालिकेचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांना खुपलं. म्हणून त्यांनी आठ सद्गुणांवर उभा असलेला गेम केला. त्यात जादूसाठी लागणारी लसूण, गंधकाची राख अशी द्रव्यं विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्ही मोजून ठेवायचे. आकडा तुम्हीच टाकायचा. एक नाणं ठेवलं तरी ती माल देते, आभार मानते. कोणी ओरडत नाही, लाल अक्षर नाही, शिक्का नाही. फक्त आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणाचा आकडा घटतो, आणि राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला जाऊन विचारल्याशिवाय ते तुम्हाला कळतही नाही. तो गुण पूर्ण झाल्याशिवाय गेम जिंकता येत नाही. मी तो गेम फार उशिरा, मूळ गेम येऊन तीसेक वर्षं झाल्यावर खेळलो. पहिल्याच खेपेला कमी पैसे ठेवले, कारण गेमने अडवलं नाही. पुढे कित्येक वेळा त्याच बाईकडे जाऊन पूर्ण किंमत मोजत राहिलो.

तर तुम्हाला एकच निवडायचा असेल तर किंग्डम कमच्या पहिल्या भागापासून सुरू करा. रातायला पोचल्यावर गिरणीवाल्याची कामं आधी घ्या, आणि चोरलेले कपडे निदान आठवडाभर अंगावर घालू नका.