नेटवर्क स्विच-चिपमधला एटीयू तक्ता (कोणता मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, कोणत्या पोर्टवर आहे याच्या नोंदी) ड्रायव्हरने डीबगएफएसमधून (लिनक्स कर्नलच्या डीबगिंगसाठीच्या फाइल-प्रणालीतून) दाखवावा की कर्नलच्या प्रमाणित मार्गाने?

प्रमाणित मार्गानेच दाखवावा, आणि कच्च्या तक्त्यासाठी तो मार्ग म्हणजे डेव्हलिंक रीजन, म्हणजेच उपकरणातील माहितीचा एखादा भाग जशाच्या तसा वाचू देणारी कर्नलची सोय. डीबगएफएसमधील फाइलींची मांडणी प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या मर्जीने ठरवत असल्याने एका चिपसाठी लिहिलेले साधन दुसऱ्या चिपवर निरुपयोगी ठरते. रीजनमध्ये मात्र स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेण्याच्या, वाचण्याच्या आणि पुसण्याच्या आज्ञा सगळीकडे त्याच राहतात. नागपुरात आम्ही मार्व्हेल ८८ई६३५२ चिपवर हेच वापरतो: ‘डेव्हलिंक रीजन न्यू’ने एटीयूचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि ‘डम्प’ने वाचायचा, की सर्व नोंदी हेक्स बाइटांच्या ओळींत समोर येतात. या बाइटांचा अर्थ मात्र चिपनिहाय बदलतो आणि तो डेटाशीट उघडून लावावा लागतो. केवळ पोर्टनिहाय मॅक पत्ते हवे असल्यास ‘ब्रिज एफडीबी शो’ ही आज्ञा पुरेशी आहे.