केशर राहू द्या, आधी रक्त तपासा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी शहादा तालुक्यातली, भिल्ल समाजातली, आता जळगावला बँकेत आहे, वय २८. नवरा केनियाचा, किसुमूकडचा, लुओ समाजातला. पुण्यात शिकायला आला होता, तिथेच ओळख झाली, ३ वर्षांपूर्वी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलं. ३० दिवसांची नोटीस बोर्डावर लागली तेव्हा त्या कचेरीतली माणसं चहा पिता पिता आमचा फोटो बघून जायची. आता त्याचं ओसीआय कार्डपण आलंय, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, तो घरी बसून नैरोबीच्या ऑफिसचं काम करतो, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून सकाळचा स्वयंपाक त्याचा आणि रात्रीचा माझा. संसार म्हणाल तर छान चाललाय, भांडणं होतात ती पंख्यावरून, किसुमूत एवढं ऊन नसतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मीटिंगला बसतो.

घरच्यांचं तुम्हाला वाटेल तसं झालं नाही. वडिलांनी रंगाचं काही विचारलं नाही, देज किती देणार एवढंच विचारलं! आणि गंमत म्हणजे हा म्हणाला आमच्यातपण असंच असतं, मुलीकडच्यांना गाई द्याव्या लागतात, मग त्याचे काका व्हिडिओ कॉलवर गाईंचा हिशेब करायला बसले आणि इकडे आमचे पंच बसले, मी मध्ये दुभाषी. होळीला गावी नेलं तर रात्रभर ढोलावर नाचला, सकाळी एका म्हाताऱ्या बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा कोणत्या पाड्यावरचा गं? आई त्याला मक्याची भाकर देते, तो म्हणतो आमची उगालीपण मक्याचीच, फक्त तुम्ही थापता आम्ही घोटतो.

त्रास आहे तो जळगावात. घर मिळायला ५ महिने लागले. बाजारात पोरं मागून नायजेरियन नायजेरियन ओरडतात, न विचारता सेल्फी काढतात. गेल्या महिन्यात माझ्या पाळीच्या तक्रारीसाठी एका दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच्या बाईने दोनदा विचारलं, हे तुमचे कोण? मी दोनदा सांगितलं, नवरा. तरी फॉर्मवर तिने नात्याचा रकाना रिकामाच ठेवला. मी तो रकाना बघत बसले होते ताई, नंबर आला तरी कळलं नाही.

आता मुद्दा. त्याला मूल हवंय, आत्ता. मी म्हणते थांबू. शेजारच्या काकू अहिराणीत रोज एकच विचारतात, पोरगं कोनावर जाई वं, तुनावर का त्यानावर? वर सल्ला, दुधात केशर घे, नारळपाणी पी आणि लोहाच्या गोळ्या मात्र खाऊ नको, बाळ काळं होतं. मी सावळी, नवरा काळा, मग केशर कुणासाठी खायचं? हसून सोडते, पण रात्री डोक्यात तेच, शाळेत त्या लेकराला काय काय ऐकावं लागेल. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही, प्रमोशनचं कारण दिलंय. तो म्हणतो नाहीतर किसुमूला जाऊ, २०१७ मध्ये तिथल्या सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तिकडे तू ४४व्या जमातीची. मुलाचा पासपोर्ट कुठला होणार तेपण माहीत नाही. आणि हो, माझ्या मामाच्या मुलाला सिकलसेल, तो रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे, शाळेत माझीही तपासणी झाली होती, कार्ड दिलं होतं, ते कुठे गेलं आठवत नाही.

काय करू?

उत्तर: अगं पोरी, एवढ्या मोठ्या पत्रात रंगावर एवढं लिहिलंस आणि सिकलसेलवर एक ओळ, तीपण "आणि हो" म्हणून! मी ३० वर्षं नर्स होते, त्यातली बरीच वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, म्हणून तुझं पत्र खालून वर वाचते.

ते कार्ड सापडो न सापडो, तू परत तपासणी करून घे आणि नवऱ्याचीपण कर. तुला वाटेल सिकलसेल आपल्या सातपुड्यातलं, त्याचा काय संबंध? तर त्याचा तुझ्याइतकाच संबंध आहे. हा दोष जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे टिकला, कारण ज्याला तो फक्त आई किंवा फक्त बाप एकाकडूनच मिळालाय त्याला जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला मलेरिया, तसाच व्हिक्टोरिया तलावाच्या काठाला, आणि किसुमू त्याच काठावर. तुमच्यात देज जुळली, मका जुळला, हेपण जुळलेलं असू शकतं.

तुझी शाळेतली तपासणी बहुतेक साधी असणार, त्यात दोष आहे की नाही एवढंच कळतं, तू नुसती वाहक, म्हणजे एकाकडूनच दोष मिळालेली, की प्रत्यक्ष आजारी हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, ती दोघांची करा. रिपोर्टवर एए आलं तर काही नाही, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. तुमच्यातला एकच एएस आणि दुसरा एए असेल तर बाळ फार तर वाहक होईल, आजारी होणार नाही. दोघंही एएस निघालात तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० आणि अगदी निर्दोष असण्याची २५. प्रत्येक वेळी हं, पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही, हे न कळल्यामुळे फसलेली घरं मी पाहिली आहेत.

दोघंही वाहक निघालात म्हणून मूल होऊ द्यायचं नाही असं मुळीच नाही. साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का ते बघता येतं. मुलगा की मुलगी हे सांगायला आपल्याकडे बंदी आहे पण या आजारासाठी ही तपासणी कायद्यात बसते, घाबरू नकोस, फक्त सोय असलेल्या मोठ्या ठिकाणी जावं लागेल. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, सासूने नाही, काकूंनी तर नाहीच. मामाच्या मुलाचं दुखणं तू पाहिलंच असशील, थंडीत हाडं धरून रडतात ही पोरं, आता हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध मिळतं त्याने बऱ्याच जणांचे दिवस सुधारलेत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात विचार, पैसे लागायचे नाहीत. नवऱ्याच्या वेळी काउंटरवर परत कुणी "हे कोण" विचारलं तर पेन मागून घे आणि रकाना स्वतः भर.

आता केशर. केशराने बाळ गोरं होत नाही, नारळपाण्यानेही नाही, आणि लोहाच्या गोळीने काळं होत नाही, काळी होते ती शी, तीपण आईची. हीच गोळी गुपचूप मोरीत टाकणाऱ्या बायका मी बाळंतपणात पांढऱ्याफटक पडलेल्या पाहिल्या, रक्ताच्या पिशव्या शोधत त्यांचे नवरे पळायचे, त्यामुळे काकूंवर माझा खरंच राग आहे. फोलिक ॲसिड मात्र दिवस राहायच्या महिनाभर आधीपासून सुरू कर, डॉक्टरांना विचारून. आणि रंग एका गुणाचा नसतो, त्यात कितीतरी जनुकं असतात, सख्ख्या भावंडांतसुद्धा फरक पडतो, शिवाय जन्मताना बाळ जरा उजळच दिसतं, खरा रंग पुढे काही महिन्यांत येतो. म्हणजे काकू पहिल्या दिवशी जे काही बोलतील ते सहा महिन्यांत चुकीचं ठरेल. केसांचं आत्ताच शिकून ठेव, बापासारखे आले तर कोरडे विंचरायचे नाहीत, ओले करून रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सोडवत यायचं. तुझ्या नणंदांना विचार, व्हिडिओवर दाखवतील.

पासपोर्टचं सोपं आहे. बाळ भारतात झालं, तू भारतीय नागरिक, नवरा कागदपत्रांनिशी राहतोय, तर बाळ जन्मानेच भारतीय. केनियाही त्याला आपला धरेल, त्यांच्या २०१०च्या घटनेत दुहेरी नागरिकत्व चालतं, आपल्याकडे चालत नाही. म्हणून तिकडचा पासपोर्ट काढायची घाई करू नका, आधी जाणकाराला विचारा.

राहिलं प्रमोशन. ते खोटं सांगायला नको होतं गं. तुला वाटतं तू त्याला दुखावणं टाळतेयस, पण बाजारात ओरडतात ते त्याला बघून, तुला बघून नाही, हा अनुभव त्याचा तुझ्यापेक्षा जुना आहे, पुण्यापासूनचा. तो कसं झेलतो, कुठल्या दिवशी घरात येऊन गप्प बसतो, हे तू त्याला कधी विचारलंयस का? मुलाला काय शिकवायचं ते त्यालाच जास्त माहीत असणार. आणि किसुमूला जायचं तर जा, रेल्वे तिथे १९०१ला पोचली ती बांधायला आपल्याकडचे मजूर होते, भारतीय दुकानं जुनी आहेत, पण तिथेही पोरं तुझ्या मागून मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून हाक मारतील, ४४वी जमात झाली तरी. मला विचारशील तर थांबायचं असेल तर थांबा, २८ काही उशीर नाही, फक्त कारण खरं असू दे, दोघांना माहीत असू दे.

एक मात्र त्याला नक्की विचार. लुओ लोकांत बाळ कधी जन्मलं त्यावरून नाव ठेवतात, सकाळी झाली तर अकिन्यी, रात्री झाला तर ओतिएनो, पाऊस पडत असेल तर ओकोथ. तुमच्याकडेही वारावरून बुध्या, सोम्या, मंगळ्या असतातच ना, मग त्याच्या वेळेवरून एक आणि तुझ्या वारावरून एक, दोन्ही जोडायची का, की काकूंना उच्चारायला अवघड जाईल?

प्रश्न: ताई, मी धुळ्याची आजी. मुलगा इंग्लंडला, सून तिकडचीच, गोरी. नातू ४ महिन्यांचा, सध्या इथे आलेत. त्याच्या कमरेवर आणि ढुंगणावर निळसर डाग आहे, सुनेच्या आईने व्हिडिओत बघून विचारलं, बाळाला मारलं का? सून रडतेय, मला तर रागच आला. काय असेल हे?

उत्तर: आजी, राग गिळा, तिची आई घाबरून बोलली, तिने असा डाग कधी पाहिलाच नसेल. आपल्याकडच्या आणि आफ्रिकेतल्या बाळांना हा जन्मखुणेसारखा असतो, गोऱ्या बाळांना क्वचित. दुखत नाही, ३-४ वर्षांत आपोआप जातो. पण तिकडे याला मार समजून चौकशी होते असंही घडतं, म्हणून परत जाण्याआधी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून फाइलवर लिहून घ्या, डाग केवढा, कुठे, आणि सुनेला सांगा तिकडच्या नर्सकडेही नोंद कर. मालिश करताना डागावर जास्त चोळू नका, चोळून जात नाही तो, उगाच बाळ रडेल.